डाव्या लेनमधला राग: एलबीएसवर गाडी आणि सायकल

विचारणारे दोघे भाऊ, राहायला भांडुपला. धाकटा एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाने सायकलवर घाटकोपरला कामाला जातो, थोरला त्याच रस्त्याने गाडी घेऊन कुर्ल्याला. धाकट्याची तक्रार अशी की गाड्या अंगाला घासून जातात, मागून हॉर्न मारून मारून जीव नकोसा करतात आणि परवा एकाने गाडी आडवी घालून, खाली उतरून त्याची कॉलर धरली. थोरल्याचं म्हणणं, सायकलवाले रस्त्याच्या मधून चालतात, सिग्नल पाळत नाहीत आणि न सांगता आत शिरतात. दोघांना मिळून विचारायचंय की चूक कोणाची, आणि असा प्रसंग पुन्हा आला तर नेमकं काय करायचं.

चूक ठरवण्याआधी रस्ता मोजून घेऊ. यातला बराचसा राग रुंदीच्या हिशोबातून येतो आणि तो हिशोब सहसा दोघांपैकी कोणीच केलेला नसतो.

शहरी रस्त्यावर लेनची प्रमाण रुंदी ३.५ मीटर धरतात. लहान गाडी आरशांसकट दोन मीटरच्या जवळपास भरते. सायकलचं हँडल साधारण ६० सेंटिमीटरचं असलं तरी सायकल काटेकोर सरळ रेषेत चालत नाही, तोल सांभाळताना ती दोन्ही बाजूंना थोडी डुलते. म्हणून तिच्यासाठी एक मीटर धरावा लागतो. तिच्या डावीकडे फुटपाथची कड, गटाराची जाळी, उखडलेले पेव्हर ब्लॉक. त्यांच्यापासून निदान अर्धा मीटर लांब राहावं लागतं. गाडी आणि सायकल यांच्यामध्ये एक मीटर मोकळा हवा. सगळं मिळून झालं साडेचार मीटर, आणि लेन आहे साडेतीनची.

तेव्हा त्याच लेनमध्ये राहून सायकलला ओव्हरटेक करायला जागाच नसते. एक मीटर कमी पडतो, तो शेजारच्या लेनमधून घ्यावा लागतो. शेजारची लेन भरलेली असेल तर मागे थांबावं लागतं. डावीकडे टेम्पो आणि रिक्षांची रांग उभी असेल किंवा मेट्रो ४ च्या कामाच्या पत्र्यांनी रस्ता आवळला असेल, तर प्रश्न आणखी बिकट होतो. उभी गाडी लेनचे दोन मीटर खाते, उरलेल्या दीड मीटरमध्ये सायकलशिवाय दुसरं काही मावत नाही.

थोरल्या भावाला जे ‘रस्त्याच्या मधून चालणं’ दिसतं, त्यातलं बरंचसं हे आहे. पत्रे लागलेल्या अरुंद पट्ट्यात सायकलवाला कडेला चिकटून चालला तर मागच्या गाडीला वाटतं की जागा आहे, आणि ती त्याला पत्र्यावर दाबत पुढे जाते. तो लेनच्या मधोमध आला की ओव्हरटेक करता येणार नाही हे मागच्याला स्पष्ट दिसतं आणि तो थांबतो. त्याला उर्मटपणा वाटतो, पण त्या जागी सायकलवाल्याला जीव वाचवून चालायचा दुसरा मार्ग नाही.

थांबण्याची किंमतही मोजू. सायकल ताशी १८ किलोमीटरने चालली तर सेकंदाला पाच मीटर जाते, गाडी ताशी ३६ ने चालली तर दहा मीटर. शंभर मीटरचा अरुंद पट्टा सायकलमागे पार करायला २० सेकंद लागतात, सायकल नसती तर १० लागले असते. नुकसान दहा सेकंदांचं आहे आणि गर्दीच्या वेळी तेही पुढच्या सिग्नलला भरून निघतं, कारण तिथे दोघेही थांबतातच.

या सिग्नलपाशीच मुंबईतली बहुतेक भांडणं पेटतात. गाडी सायकलपासून वीतभर अंतरावरून गेली. चालवणाऱ्याच्या मते काहीच झालं नाही. डावा आरसा वाचला, म्हणजे जागा होती. त्याला ती घटना आठवतही नाही. सायकलवाल्याला मात्र मरण बाजूने गेल्यासारखं वाटलं, छाती धडधडतेय, हात थरथरतायत. मोकळ्या महामार्गावर गाडी निघून गेली असती. इथे ती २०० मीटरवर लाल दिव्याला उभी सापडते. सायकलवाला येतो, काचेवर थाप मारतो. आतल्या माणसाच्या दृष्टीने एक अनोळखी माणूस विनाकारण त्याच्या गाडीवर चालून आलाय. पुढे जे होतं ते दोघांनाही पटण्याजोगं असतं, कारण दोघांनी दोन वेगळ्या घटना पाहिलेल्या असतात.

गाडी चालवणाऱ्यासाठी

थोरल्या भावाने एवढंच करावं की अर्धवट ओव्हरटेक कायमचा सोडावा. एक तर पूर्ण मागे राहायचं, नाहीतर पूर्ण बाजूला जाऊन पुढे जायचं. लेनच्या रेषेवर उजवं चाक ठेवून, जरा कट मारून निसटायचा जो प्रकार आहे त्यात सगळ्यात जास्त अपघात दडलेले आहेत.

क्रम असा ठेवा. पुढे सायकल दिसली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि तिच्यामागे निदान दोन गाड्यांचं अंतर राहू द्या. तिच्या पुढे काय आहे ते बघा: खड्डा, उघडी जाळी, उभी रिक्षा, थांब्यावरची बस. त्यातलं काहीही असेल तर सायकल उजवीकडे येणार हे धरून चाला आणि ती अडचण पार होईपर्यंत मागेच राहा. मग उजवा आरसा, इंडिकेटर, आणि शेजारच्या लेनमध्ये पुरेसं सरकून पुढे जा. वेग ३० च्या आत असेल तर हँडलच्या टोकापासून तुमच्या डाव्या आरशापर्यंत एक मीटर, त्याहून जास्त वेगाला दीड मीटर. पाऊस असेल तर दीडच्या खाली येऊच नका. आतल्या, मधल्या आरशात अख्खी सायकल चाकांसकट दिसेपर्यंत डावीकडे परतू नका. लवकर परतणं हा वेगळाच धोका आहे, कारण गाडीचा पुढचा भाग सुरक्षित पुढे गेलेला असतो आणि मागचं दार सायकलच्या पुढच्या चाकाला लागतं.

आपल्याकडच्या नियमांत या अंतराचा आकडा दिलेला नाही. मोटर वाहन चालन विनियम २०१७ एवढंच सांगतात की पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध, दिव्यांग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घ्यायची. जर्मनीने २०२० मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असा आकडाच नियमात लिहिला. आपल्याकडेही आकडा यायला हवा असं माझं ठाम मत आहे. ‘विशेष काळजी’ ही कोर्टात वाद घालायची गोष्ट आहे, दीड मीटर चालत्या गाडीतूनही दिसतो.

सायकलवाल्याच्या डोक्याकडे लक्ष ठेवा. त्याने मान उजवीकडे वळवली की पुढच्या दोन-तीन सेकंदांत तो उजवीकडे येणार आहे, हात दाखवो न दाखवो. इंडिकेटर नसलेल्या वाहनाचा हाच इंडिकेटर असतो.

डावीकडे वळायचं असेल तर वळणाच्या आधीच्या ४० मीटरमध्ये सायकलला ओव्हरटेक करू नका, तिच्यामागून वळा. गाडी पुढे काढून लगेच डावीकडे घेतली की सायकलला जायला जागाच उरत नाही. कांजूरमार्गच्या गांधीनगर जंक्शनसारख्या ठिकाणी, जिथे डावीकडून जेव्हीएलआरकडे (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) वळणाऱ्या गाड्या थांबतच नाहीत, तिथे सरळ जाणारी सायकल आणि वळणारी गाडी एकमेकींच्या वाटेत येणारच. तिथे मागे राहणाऱ्याने दोन-चार सेकंद सोडून द्यावेत.

सायकलींमध्येही फरक असतो आणि मुंबईत तो ओळखायला हवा. गॅसवाल्याच्या सायकलवर भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो, त्यातला गॅस १४.२ किलो. दोन्ही बाजूंना एकेक लटकवला की ६० किलो वाढले आणि रुंदीही वाढली. त्याच्या सायकलचे ब्रेक सळईचे, ओल्या रिमवर ते जवळपास धरतच नाहीत. तो पटकन थांबू शकत नाही, आणि एकदा थांबला की पुन्हा निघायला त्याला उतरून ढकलावं लागतं. त्याच्यापुढे जाऊन ब्रेक मारणं म्हणजे त्याला पाडणं. पाववाले, डबेवाले, डोक्याएवढ्या टोपल्या मागे बांधलेले इडलीवाले अण्णा यांचंही तसंच. यातला कोणीही हौसेसाठी रस्त्यावर आलेला नाही. हेल्मेट आणि लाइट लावून पहाटे निघणाऱ्या रायडरला जेवढी जागा देतो तेवढीच, खरं तर थोडी जास्तच, यांना द्यावी.

हॉर्नचं वेगळं सांगतो. सायकलच्या अगदी मागे, दोन-तीन मीटरवर जोराचा हॉर्न वाजला की माणूस दचकतो आणि दचकला की हँडल हलतं. म्हणजे ज्याला बाजूला व्हायला सांगायचंय त्यालाच आपण आपल्यापुढे ढकलतो. द्यायचाच असेल तर १५-२० मीटर आधी, एकदा, छोटा. बाजूने जाताना अजिबात नाही. लाल दिव्याला उभं राहून मारलेल्या हॉर्नने सिग्नल लवकर सुटत नाही. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावणारा प्रयोग केला होता, २०२० च्या सुरुवातीला त्याची चित्रफीत देशभर फिरली.

दार

उभ्या गाडीचं दार उघडून होणारा अपघात इतक्या सहज टाळता येतो की त्यासाठी वेगळी जागा द्यायलाच हवी. दार उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं. सायकलवाल्याला ते दिसेपर्यंत ब्रेक लावायला अंतर उरत नाही: ताशी १८ ने तो एका सेकंदात पाच मीटर पुढे येतो आणि माणसाला समजून ब्रेक दाबायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तो दारावर आदळतो, किंवा दार चुकवायला उजवीकडे झोकांडतो आणि मागच्या बसखाली जातो. दुसरा प्रकार जास्त जीवघेणा.

उपाय असा: दाराच्या जवळच्या हाताने दार उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. चालक उजवीकडे बसतो, त्याने डाव्या हाताने खटका ओढावा. मागे डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. हात आडवा नेला की खांदा आणि मान आपोआप मागे वळतात आणि येणारी सायकल दिसते. आधी दार चार बोटं उघडून थांबायचं, मग पूर्ण. टॅक्सीने आलेला प्रवासी उजवीकडून उतरत असेल तर चालकाने त्याला थांबवावं. रिक्षाला दार नसलं तरी डावीकडून उतरणारा प्रवासी थेट सायकलच्या वाटेत पाय टाकतो. रिक्षावाल्याने फुटपाथला टेकूनच रिक्षा लावली तर हा प्रश्न उरत नाही. रस्त्याच्या मध्ये, फुटपाथपासून दीड मीटर सोडून रिक्षा थांबवणं हे या अपघातांचं मोठं कारण आहे.

सायकलवाल्याने उभ्या गाड्यांच्या रांगेपासून पूर्ण एक मीटर लांब राहावं. मागून कितीही हॉर्न आले तरी त्या मीटरच्या आत शिरू नये.

सायकल चालवणाऱ्यासाठी

धाकट्या भावाला काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात, कारण थोरल्याच्या तक्रारीत तथ्य आहे.

उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणं, हे मागच्याला ‘न सांगता आत शिरणं’ दिसतं आणि ते तसंच असतं. दोन उभ्या गाड्यांमध्ये ३०-४० मीटर मोकळं दिसलं तरी आत वळू नका. सरळ एका रेषेत चाला. मागच्याला तुमची पुढची हालचाल आधी कळली तर तो चिडत नाही.

लेनच्या मधोमध यायचं असेल तर आधी मागे बघा. फक्त कान लावून चालणार नाही, बेस्टच्या इलेक्ट्रिक बसचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही. मग उजवा हात खांद्याच्या उंचीला सरळ काढा, दोन सेकंद ठेवा, मागच्याने वेग कमी केला की हळूहळू सरका. अरुंद पट्टा संपला, जागा झाली, की डावीकडे जा आणि मागच्याला हात वर करून आभार माना. मागे थांबलेल्या माणसाचा राग त्या एका हाताने उतरतो. त्याला कळतं की तुम्ही त्याची वाट मुद्दाम अडवली नव्हती.

लेन कुठे धरायची आणि कुठे सोडायची हे जागा बघून ठरतं. पत्र्यांच्या अरुंद पट्ट्यात, जंक्शनच्या आधी ३० मीटर, पुलाच्या उतारावर जिथे तुमचाही वेग ३० च्या पुढे जातो, तिथे मधोमध. पुलाच्या चढावर उलट: वेग ताशी ८-१० वर येतो, सायकल जास्त डुलते, तिथे डावीकडे राहा आणि गिअर आधीच हलका करा. चढावर उभं राहून पेडल मारताना सायकल दोन्ही बाजूंना फेकली जाते, ते शक्यतो टाळा.

बसच्या बाबतीत बहुतेकांचं चुकतं. थांब्यावर बस डावीकडे लागते, तुम्ही तिला उजवीकडून ओलांडता, मग बस सुटते आणि तुम्हाला ओलांडते, पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. दर वेळी दोघांपैकी कोणीतरी कोणाला तरी दाबतो आणि चार थांब्यांत भांडण होतं. मोठ्या बसची लांबी १२ मीटरपर्यंत असते, रुंदी २.६ मीटर, आणि तिच्या डाव्या बाजूचा बराच भाग चालकाला दिसत नाही. बस थांब्यावर असेल आणि शेवटचे प्रवासी चढत असतील तर मागे थांबा, तिला जाऊ द्या. एकदा बस पुढे गेली की गर्दीत तिचा आणि तुमचा वेग सारखाच असतो, मागे दहा मीटर ठेवून चाला. थांबलेल्या बसच्या डावीकडून, बस आणि फुटपाथच्या मधून कधीही जाऊ नका. तिथे उतरणारा प्रवासी असतो आणि बस हलली तर परत फिरायला जागा नसते. हाच नियम सिग्नलला उभ्या डंपरला आणि काँक्रीट मिक्सरला: त्यांची मागची चाकं वळताना पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून येतात. तुम्हाला चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

लाल दिवा पाळा. रस्ता मोकळा असला तरी पाळा. सायकलवाला सिग्नल तोडताना दिसला की चिडलेला गाडीवाला पुढच्या सायकलवाल्याला जागा देत नाही. उलट दिशेने येण्याचाही हिशोब करा: तुम्ही १५ ने आणि गाडी ४० ने एकाच दिशेला चालला असाल तर वेगातला फरक २५, समोरासमोर आलात तर ५५. सोसायटीच्या गेटमधून किंवा गल्लीतून बाहेर पडणारा माणूस उजवीकडे बघतो, तुम्ही त्याच्या डावीकडून येत असता.

मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पुढचा दिवा जमिनीकडे झुकवलेला असू द्या, समोरच्याच्या डोळ्यांत मारणारा झगझगाट हेही रागाचं कारण असतं. दोन्ही कानांत इयरफोन नकोत. पावसाळ्यात रिम ब्रेक असतील तर थांबायचं अंतर दुप्पट धरा. रंगवलेले पट्टे, मॅनहोलची झाकणं, कामाच्या जागी टाकलेले लोखंडी पत्रे यांवर ब्रेक लावू नका आणि वळू नका, सरळ ओलांडा. डांबर आणि नवं काँक्रीट यांच्या मधली लांबट फट चाक धरते. ती ओलांडायची असेल तर तिरकं न जाता शक्य तितकं काटकोनात जा. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे कळत नाही, म्हणून तो दहा-पंधरा मीटर आधी बघून वाट बदला, शेवटच्या क्षणी नको. कायमच्या खड्ड्याची तक्रार महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर करा. भांडुपला एस वॉर्ड लागतो, घाटकोपरला एन.

पट्टे रंगवून सायकलसाठी वेगळी जागा केली तर हे सगळं संपेल असं अनेकांना वाटतं. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) एमएमआरडीएने केलेल्या सायकल ट्रॅकचं काय झालं ते बघितलं की त्यातली अडचण कळते: मध्येच तुटणारा आणि गाड्या उभ्या राहणारा ट्रॅक कोणी वापरत नाही, आणि तरी गाडीवाला म्हणतो की ट्रॅक असताना रस्त्यावर का आलास. डाव्या कडेचं पार्किंग हलवल्याशिवाय एलबीएसवर कुठलाही पट्टा टिकणार नाही.

कोणी अंगावर आलं तर

आता तो कॉलर धरण्याचा प्रसंग. रागावलेल्या माणसाचा आवेश पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असतो आणि त्याला खाद्य मिळालं नाही तर तो टिकत नाही. तेवढा वेळ काढणं हेच तुमचं काम.

गाडी आडवी आली की तिच्यापुढे थांबू नका, बाजूला फुटपाथकडे या, माणसं असतील अशा जागी: दुकान, रिक्षा स्टँड, बस थांबा, शक्य असेल तर वाहतूक पोलीस. सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये ठेवा. हात खाली, तळवे उघडे. ‘आंधळा आहेस का’ वगैरे एकही वाक्य तोंडून जाऊ देऊ नका, ‘तू’ वर येऊ नका. ‘साहेब, लागलं नाही ना कोणाला? मग जाऊ द्या’ एवढं वाक्य पुरतं. त्याचं म्हणणं खोडायच्या फंदात पडू नका. कोण बरोबर होतं हे त्या ठिकाणी ठरत नाही, आणि रस्ता कसा वापरायचा हे शिकवायची ती वेळही नाही.

गाडीला हात लावायचा नाही. बोनेटवर थाप, आरसा वाकवणं, चावी काढून घेणं, गाडीपुढे सायकल आडवी टाकणं, हे सगळं सर्रास होतं आणि यातलं प्रत्येक तुमच्यावर उलटतं. मोडलेला आरसा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये जातो, वाट अडवणं कलम १२६ मध्ये. तक्रारदार म्हणून गेलेला माणूस आरोपी होऊन परत येतो तो यामुळेच.

नंबर लगेच टिपा. आधी शेवटचे चार आकडे, मग सुरुवात. मुंबईत एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. ०४ ठाणे, ४३ वाशी. पूर्व उपनगरात बहुतेक ०३ आणि ०४ दिसतात, त्यामुळे सुरुवात विसरली तरी शोधता येते. पाटीचा रंग लक्षात ठेवा: पांढरी खासगी, पिवळी भाड्याची, हिरवी इलेक्ट्रिक. गाडीचा रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचा स्टिकर. हे सगळं फोनमध्ये बोलून ध्वनिमुद्रित करा, लिहिण्यापेक्षा ते लवकर होतं. मोबाइल समोरच्याच्या तोंडासमोर धरून चित्रण करू नका, त्याने माणूस हमखास भडकतो. फोन छातीपाशी ठेवून चालू राहू द्या.

त्याने हात उचलला, किंवा तो निघतच नसेल, तर ११२. फोनवर आधी जागा सांगा: ‘एलबीएस मार्ग, अमुक दुकानासमोर, ठाण्याकडे जाणारी बाजू’. मग काय होतंय ते.

गाडीत बसलेल्याच्या बाजूने ही वेळ आली, म्हणजे कोणी काचेवर थापा मारतोय, तर दारं लॉक, काच दोन बोटं खाली, इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर. उतरू नका. ‘मला दिसलं नाही, माफ करा’ म्हणा, तुम्हाला खात्रीने वाटत असलं की चूक तुमची नाही तरीही. ज्याला धोका वाटला त्याला आपण ऐकलं एवढं कळणं बहुतेक वेळा पुरतं. सिग्नल सुटल्यावर त्याला पुढे जाऊ द्या आणि मागे शंभर मीटर ठेवा. दोघांनी पुन्हा शेजारी येणंच टाळायचं.

पोलीस, दवाखाना, भरपाई

नुसती शिवीगाळ किंवा किरकोळ धक्काबुक्की असेल तर पोलीस सहसा अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करतात. तीही घ्या. तोच माणूस पुन्हा सापडला तर ती कामी येते. भरधाव किंवा बेदरकार वाहन चालवणं, न्याय संहितेचं कलम २८१, आणि त्यातून दुखापत, कलम १२५, हे दखलपात्र आहे, त्यात एफआयआर व्हायला हवा. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. मुद्दाम गाडी अंगावर घातली असेल तर ते शब्द जबाबात स्पष्ट यायला हवेत: वेग कुठे वाढवला, किती वेळा आडवी घातली, काय बोलला. ‘गाडीने कट मारला’ एवढंच लिहिलं तर ते निष्काळजीपणात जमा होतं. धोकादायक चालवण्यासाठी मोटर वाहन कायद्याचं कलम १८४ वेगळं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात नियमबाह्य ओव्हरटेक करणं नावानिशी आलं आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड एक ते पाच हजार रुपये आहे. कलम २८१ सायकल चालवणाऱ्यालाही लागू होतं, हेही दोघांनी ध्यानात ठेवावं.

आजूबाजूच्या दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. त्याच दिवशी दुकानदाराला भेटून तारीख-वेळ लिहून द्या आणि ते जपून ठेवायला सांगा, तपास अधिकाऱ्यालाही कॅमेऱ्याची जागा लेखी कळवा.

प्रत्यक्ष धडक झाली असेल तर ‘इथेच मिटवून टाकू’ ला तयार होऊ नका, कितीही सभ्य माणूस असला तरी. मार बसल्यावर पहिला अर्धा तास दुखणं नीट कळत नाही, मनगटाचं किंवा गळपट्टीच्या हाडाचं फ्रॅक्चर संध्याकाळी उमगतं. डोक्याला मार असेल तर स्वतः उठून बसू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात रस्ता अपघात आहे हे सांगा आणि एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर) नोंद झाली का ते विचारा. ती नसेल तर पुढे दुखापत आणि अपघात यांचा संबंध जोडायला कठीण जातं. मोटर वाहनाच्या अपघातातल्या जखमीला २०२५ च्या योजनेखाली नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. सायकलवाल्यालाही, कारण धडक मोटर वाहनाची होती.

गाडी चालवणाऱ्याचं कर्तव्य मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आहे: जखमीला उपचार मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं. जमाव चिडलेला असेल आणि जिवाला धोका असेल तर थेट जवळच्या ठाण्यात जाऊन कळवावं, पळून जाऊ नये. वाटेत मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

सायकलला विमा नसतो म्हणून भरपाई मिळणार नाही असं धाकट्याला वाटत असेल तर ते खरं नाही. भरपाई गाडीच्या त्रयस्थ पक्ष (थर्ड पार्टी) विम्यातून मिळते. दावा मोटर अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच कायद्याच्या कलम १६६ खाली करायचा, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर कलम १६१ खाली मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये आहेत. कागद जमवून ठेवा: एफआयआरची प्रत, पंचनामा, एमएलसी, औषधांची आणि तपासण्यांची बिलं, कामावरच्या रजेचा दाखला.

आणि सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नका. पंचनामा होईपर्यंत ती जशी आहे तशी राहू द्या, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, गाडीचा रंग लागलेला भाग जवळून टिपा. मग मेकॅनिककडून दुरुस्तीच्या खर्चाचं लेखी कोटेशन घ्या. पुढचं चाक धरणारा फोर्क मागे दाबला गेलाय का हे बाजूने बघितल्यावर कळतं: चाक फ्रेमच्या खालच्या नळीकडे सरकलेलं दिसतं. असा फोर्क सरळ करून वापरू नका, बदला. वाकवून परत सरळ केलेलं लोखंड एखाद्या खड्ड्यात अचानक तुटतं, आणि कार्बनचा फोर्क असेल तर वरून काही दिसत नसलं तरी आतून चिरलेला असू शकतो. चाक फिरवून ब्रेकपाशी लचकतंय का बघा, हँडलची मान सैल झाली आहे का तपासा, हेल्मेट आपटलं असेल तर ते टाकून नवं घ्या. काढलेले तुटके भाग दावा निकाली निघेपर्यंत पिशवीत बांधून घरी ठेवा.